भिंतीवरचा प्रश्न

कोळगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या ताकवले बाईंपुढे भर पालकसभेत टाइप केलेला राजीनामा ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. आठवीला प्रजननाचा धडा त्यांनी गाळला नाही, मुलींना पाळीबद्दल नीट सांगितलं, एवढाच त्यांचा गुन्हा. संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब भोईटे दूध डेअरीचेही चेअरमन. सभेत त्यांच्यापुढे कोणी खोकतही नसे.

“असले विषय शाळेत कोणी आणले?” दाजीसाहेबांनी टेबलावर हात आपटला. “सगळ्यांसमोर सांगा आणि सही करा.”

बाईंचं घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. त्यांनी पेन उचललं आणि त्याच पेनाने खिडकीबाहेर दाखवलं. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत डेअरीची जाहिरात होती: ‘म्हैस माजावर आली? कृत्रिम रेतनासाठी भेटा.’ खाली हात जोडलेले दाजीसाहेब रंगवलेले.

“मुलं रोज त्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणतात, साहेब. पहिला प्रश्न त्यांनी मला तिथलाच विचारला.”

“ती जनावरांची गोष्ट आहे.”

“तेच म्हणते मी. म्हशीचं सगळं गावाला हातभर अक्षरांत सांगायचं, आणि आपल्या लेकीला तिचं स्वतःचं कुजबुजूनही सांगायचं नाही?”

मागच्या रांगेतल्या बायका एकेक करून बाईंच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

दाजीसाहेबांनी राजीनामा घडी करून खिशात घातला. “ती भिंत उद्या रंगवून घ्या,” ते शिपायाला पुटपुटले.

“सावकाश रंगवा,” बाई म्हणाल्या. “माझा धडा अजून अर्धा राहिलाय.”