खुर्चीत बसलेला खोका

त्या दिवशी ऊन असं कडक पडलं होतं, की कुत्रीसुद्धा जिन्याखाली सरकून बसली होती. सोसायटीचे अध्यक्ष धनवडेसाहेब मात्र खिडक्या लावून नव्या सबवूफरचा, म्हणजे गाण्याची धमधम देणाऱ्या स्पीकरच्या खोक्याचा, आवाज वाढवत बसले होते. खालच्या घरात शेवंताकाकूंची भांडी थरथरत होती आणि लेकीचं तान्हं बाळ दचकून दचकून उठत होतं. काकू पुन्हा तक्रार घेऊन वर आल्या.

साहेब गरजले, “काहीतरीच काय! इथं माझ्या खुर्चीत धमक येत नाही, अन् तुमच्या घरात येते होय? येत नाही म्हणून तर वाढवतोय!”

“मग आणू की धमक,” काकू म्हणाल्या. “माझा जावई मंडपात साउंड लावतो, त्याची युक्ती आहे. खोका बसवा तुमच्या खुर्चीत, अन् तुम्ही खोलीभर रांगा. जिथं छातीत घुमेल, तिथं खोका ठेवायचा.”

खोका खुर्चीत चढला आणि साहेब रांगू लागले. सोफ्याला वळसा घातला, टेबलाखालून निघाले. बाईसाहेब तोंडाला पदर लावून हसत होत्या. शोकेसपाशी साहेब ओरडले, “आली! आली!”

खोका तिथं गेला. आवाज निम्मा केला, तरी खुर्चीत बसलेल्या साहेबांची छाती घुमू लागली. खाली बाळ गाढ झोपलं.

साहेब गुडघे झटकत उठले, तशा काकू दारातून म्हणाल्या, “अधूनमधून असेच खाली उतरत जा, साहेब. खुर्चीत बसून काही ऐकू येत नाही.”