करंजवडच्या बोर्डिंगचे ढेकूळ

करंजवडच्या बोर्डिंगसाठी वर्गणी मागायला पावतीपुस्तक घेऊन कुणी जात नाही. सुपरिटेंडेंटच्या घरची बाई ताटलीत मातीचे ढेकूळ घेऊन जाते आणि ते उंबऱ्यावर ठेवते. असे का, हे कुणी पाहुण्याने विचारले की बोर्डिंगमधले वयस्क आदगोंडा आण्णा त्याला मागच्या अंगणात नेतात आणि सोनाक्काची हकिकत सांगतात.

तेव्हा बोर्डिंग म्हणजे मातीच्या चार खोल्या होत्या. कॉलेजात शिकणारी चाळीस पोरे त्यांत दाटीवाटीने राहत. रामगोंडा सर सुपरिटेंडेंट होते आणि त्यांची बायको सोनाक्का सगळ्यांना रांधून घाली. एका आषाढात मागची भिंत पोट काढून बसली. सरांनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावले. त्यांत वकील होते, अडते होते. सगळ्यांनी भिंत पाहिली, हळहळले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

"तोवर थांबशील का, एवढं भिंतीला कुणीतरी विचारा," सर म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी मागच्या खोलीतली बारा पोरे स्वतःच्या बिऱ्हाडात हलवली आणि आपले अंथरूण त्या भिंतीखाली टाकले. नव्या पायाची कुदळ पडेपर्यंत हलणार नाही, असा पणच त्यांनी केला म्हणे.

सोनाक्का रोज पहाटे त्यांच्या उशाची माती झाडून काढी. पहिल्यांदा चिमूटभर पडे, मग मूठभर. स्वयंपाकघरात भाकरी थापताना तिचा कान त्या खोलीकडे असे. काही खसकन वाजले की तिचा हात परातीतच थांबे. एका बुधवारी उशाशी नारळाएवढी ढेकळे पडलेली होती.

"अहो, उठा आता. पाया पडते तुमच्या."

"मी उठलो तर पोरं परत इथंच येतील. दुसरी जागा आहे का?"

सगळी ढेकळे तिने पदरात घेतली आणि भर पावसात बाजारपेठ गाठली. अण्णाप्पा वकील पक्षकारांच्या घोळक्यात बसले होते. चार वर्षे त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. तिने त्यांच्या उंबऱ्यावर ढेकूळ ठेवले.

"हे काय, आक्का?"

"तुमच्या सरांच्या उशाची माती. आज एवढी पडली. उद्या केवढी पडेल, ते तुम्हीच सांगा."

पैशाचे नावही न काढता ती पुढच्या दारी गेली. एका अडत्याने अपशकुन म्हणून ढेकूळ रस्त्यावर भिरकावले. तिने तुकडे वेचले, परत उंबऱ्यावर ठेवले आणि तिथेच बसून राहिली. बाजार थबकला. अडत्याची म्हातारी आई आतून आली, तिने तुकडे उचलून कपाळाला लावले आणि लेकाला म्हणाली, "गाडी जुंप."

दुपारी बोर्डिंगपुढे दगडाच्या गाड्या लागल्या. कुणी सागाचे वासे दिले, कुणी हातातल्या पाटल्या. अण्णाप्पांनी कोट काढून स्वतः पहिली कुदळ मारली. सोनाक्का धावत खोलीत गेली.

"कुदळ पडली. आता तरी उठा!"

सरांनी कान देऊन दुसरा घाव ऐकला, तेव्हा कुठे अंथरूण गुंडाळले. ते उंबऱ्याबाहेर आले आणि भिंत बसली. धुरळा निवल्यावर लोकांनी पाहिले, तर बुडाची माती केव्हाच वाहून गेली होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाई. इतके दिवस ती भिंत कशावर उभी होती, हे गवंड्यांनाही सांगता आले नाही.

वर्षभरात दगडी, दुमजली बोर्डिंग उभे राहिले. सोनाक्का मात्र नवऱ्याशी महिनाभर बोलली नव्हती, असेही सांगतात.

आजही करंजवडला नवा सुपरिटेंडेंट नेमायचा असला, की समिती आधी त्याच्या बायकोला बोलावते. तिने या नोकरीला होकार दिला, तरच त्याला मुलाखतीला आत घेतात.