ढिगात उरलेलं औषध

"मग हे एकच औषध का जात नाही, आक्का?"

विश्रामनं प्रयोगशाळेचा कागद पुढे धरला.

गोदाक्का खताच्या ढिगाजवळ, पालथ्या घमेल्यावर बसल्या होत्या. त्यांच्या आश्रमात चाळीस म्हातारी माणसं. त्यांच्या गोळ्यांचं अंगात न जिरलेलं उरलंसुरलं शेवटी संडासातून टाकीत, आणि टाकीतल्या गाळातून या ढिगात यायचं. गाळात लाकडाचा भुसा मिसळून, ढीग उलटापालटा करून विश्राम त्याचं खत करायचा. रसायनशास्त्राचा एमएस्सी गडी, नोकरी सोडून आक्कांपाशी शिकायला आलेला. "ढिगात औषधाचा कणही उरू देणार नाही," असं त्यानं पहिल्याच दिवशी भर पंगतीत जाहीर केलं होतं. म्हाताऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवायला काय लागतं!

"वाच."

"तापाचं गेलं. अंगदुखीचं गेलं. जंतूंवरचं बरंचसं गेलं. फेफऱ्याचं तेवढं जसंच्या तसं."

"ढीग तापला नसेल."

"तापलाय की."

आक्कांनी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली आणि त्याच्या तळहाताला टेकवली. त्यानं झटकन हात मागे घेतला.

"खरंच की," आक्का म्हणाल्या. "मग ढिगाचा दोष नाही."

"नाहीच. औषधच चिवट आहे. पण सोमवारी नवा ढीग रचतोय, त्यात ते नसेल."

"कशावरून?"

विश्राम कागदाची घडी घालू लागला.

आश्रमात ती गोळी एकच माणूस घ्यायचा. कपाळावर टाक्यांची खूण असलेला, आणि विहिरीवर पाय घसरला होता असं सगळ्यांना सांगणारा.

"तीन दिवस झाले," आक्का म्हणाल्या. "सकाळी गोळीसाठी तुझ्या दाराशी पाण्याचा तांब्या ठेवते. तो भरलेलाच परत येतोय."

विश्रामची मान खाली गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"विहिरीवर तुझं डोकं मांडीवर कुणी घेतलं होतं रे?"



"माझ्या एकट्यामुळे सगळा ढीग नासतो, आक्का."

या पोरावर आक्कांचा जीव होता. त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, त्याच्या खोलीत गेल्या. येताना एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात गोळी.

"हे खत भाजीला नको. कुंपणाच्या कडुनिंबांना घालू."

"आणि नवा ढीग?"

"तोही कडुनिंबांनाच."

"म्हणजे माझं औषध त्यात कायमच राहणार?"

"आधी घे."

त्यानं गोळी गिळली. आक्कांनी रिकामा तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला.

"इथं चाळीस जणांचं सगळं जातं रे, बाळा... एकाचं तरी राहू दे."