चौदाव्या पायरीचं आमंत्रण

एका राज्यात, समुद्रात पाय सोडून बसलेल्या राज्यात, एक गड होता. गडापासून समुद्रापर्यंत एकशे एक पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सारी वस्ती. कुणी कुणाचा पत्ता विचारला तर लोक आळी सांगत नसत, पायरी सांगत. राजा एकशे एकाव्या पायरीवर, आणि जो जितका गरीब तो तितका समुद्राजवळ. असं सगळीकडेच असतं, त्यात नवल नाही.

नवल होतं राजाच्या कानात. राजाचं नाव प्रसन्नकेतू. तरुणपणी त्याला वाईट बातमी सोसत नसे. जो आणी त्याला तो हद्दपार करी. एकदा त्यानं अशीच एक म्हातारी हाकलली, आणि ती निघाली चेटकीण. जाता जाता तिनं त्याच्या उजव्या कानात तीन मोत्यांची भिकबाळी अडकवली आणि म्हणाली, "राजा, तुला गोडच ऐकायचंय ना? ऐक मग. आजपासून लोक जे वाईट सांगतील ते तुझ्या कानात चांगलं होऊन शिरेल. जितकं वाईट, तितकं चांगलं. ज्या दिवशी तू स्वतःच्या तोंडानं कुणाला वाईट बातमी देशील, त्याच दिवशी हे मोती फुटतील."

भिकबाळी काही निघेना. सोनार थकले, मांत्रिक थकले. आणि ज्याला वाईट काही कळतच नाही, तो वाईट बातमी देणार कुठून? वीस वर्षं गेली. राजा गुटगुटीत झाला. रोज संध्याकाळी तो दरबारात गायचा, दरबारी हात जोडून "पुरे, महाराज, पुरे" म्हणायचे, राजाला ऐकू यायचं, "आणखी एक, महाराज!" मग तो आणखी एक म्हणायचा.

चौदाव्या पायरीवर तानूबाई राहत होती. ती राज्याची वारापारखीण. सोनार सोनं पारखतो तसा ती वारा पारखी. बापाकडून विद्या आलेली. पण गेल्या वर्षी तिची फजिती झाली होती. तिनं वादळ येणार म्हणून सांगितलं, लोकांनी सुकत घातलेली मासळी घरात घेतली, आणि वादळ ऐनवेळी वाकडी वाट करून शेजारच्या राज्यात गेलं. मासळी घरात नासली. तेव्हापासून तानूबाई दिसली की लोक डोक्यावर इरलं घेऊन आभाळाकडे बघत. तिचा नवरा नागोजी सगळ्यांच्या आधी घेई. तो होड्या बांधणारा सुतार. हसायचा तो, पण वारा पाहायची तिची काठी मोडली की न बोलता नवी तासून दारामागे ठेवायचा.

एके सकाळी तानूबाईनं पाहिलं, वारा पडलेला आणि लाटा मात्र लांब लांब, दक्षिणेकडून येणाऱ्या. वादळाचीच ही खूण. तिच्या शब्दावर आता कुणी हलणार नव्हतं. वस्ती हलवायची तर गडावरचा नगारा वाजायला हवा, आणि तो नगारा मंतरलेला; राजाच्या हुकमावाचून कितीही टिपऱ्या हाणल्या तरी तो हूं की चूं करत नसे.

ती गडावर गेली. "महाराज, तीन दिवसांत वादळ येतंय."

राजाला ऐकू आलं, तीन दिवसांत गार वारा सुटतोय. "बरं झालं, उकाडा फार होता," तो म्हणाला, आणि त्यानं पंखेवाल्यांना सुट्टी दिली.

तानूबाईला वाटलं, आपण फार हळू बोललो. ती पुन्हा गेली. "महाराज, महाभयंकर वादळ येतंय! प्रलय! सर्वनाश!"

"महामंगल उत्सव?" राजा टाळी वाजवून म्हणाला. "मग घरात कशाला बसायचं? किनाऱ्यावर जत्रा भरवा! पहिल्या पायरीला पाळणे लावा!"

तानूबाईनं कपाळावर हात मारला. आगीतून फुफाट्यात, ते हेच.

किनाऱ्याच्या खडकावर एक म्हातारा कुरव पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, तू नुसतं मोठं मोठं म्हणतेस. मोठं म्हणजे केवढं? राजाचं सोड, मला तरी कळलं का?"

"मग मी काय सांगू?"

"तीन गोष्टी विचार. कुठे, कधी आणि किती. कुठे ते मला ठाऊक आहे, पण गेल्या वर्षी वादळ वळलं म्हणून तू चारचौघांत माझ्या नावानं बोटं मोडलीस. आधी माफी माग."

तानूबाईनं माफी मागितली. "यंदा ते वाट सोडत नाही," कुरव म्हणाला. "सरळ तुमच्या पायऱ्यांवर."

मग ती घारीकडे गेली. घार आभाळात एवढी उंच होती की तिच्याशी बोलायला तानूबाईला वडाच्या शेंड्यावर चढावं लागलं, पन्नाशीच्या वयात. घार म्हणाली, "परवा, तिसऱ्या प्रहरी."

शेवटी टिटवी. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलायला. तिची अट अशी की आपल्यामुळेच आभाळ टिकून आहे असं तिला तीनदा सांगावं. तानूबाईनं चारदा सांगितलं. टिटवी खुलली. "मी माझी अंडी तेराव्या पायरीवर नेलीत, विहिरीच्या काठी. समुद्र बाराव्या पायरीपर्यंत चढेल."

परत येताना तानूबाईच्या डोक्यात उजेड पडला. मोघम वाईट सांगितलं तर राजाच्या कानात मोघम चांगलं शिरतं. मग नेमकं वाईट सांगितलं तर? ती बारा पायऱ्या घरोघर हिंडली, प्रत्येक भिंत चाचपली, प्रत्येक छपराचे वासे मोजले, आणि तिसऱ्यांदा दरबारात उभी राहिली.

"महाराज, परवा तिसऱ्या प्रहरी समुद्र बाराव्या पायरीपर्यंत चढेल. तिच्या खाली जो राहील तो जगायचा नाही."

राजाच्या कानात शिरलं, बाराव्या पायरीच्या वर जो असेल तो शंभर वर्षं जगेल. "मग खाली कुणी राहावंच का?" तो म्हणाला.

"तिसऱ्या पायरीवरच्या राघू तांडेलाचं छप्पर उडेल."

"राघूनं माडी चढवली? वा!"

"पाचवीवरच्या हौसा कोळणीची होडी चिंचेत जाऊन अडकेल."

"हौसाची लेक थोरामोठ्यांच्या घरी पडली? पोरीनं नाव काढलं!"

"आठवीवरचे सगळे गोठे वाहून जातील."

"सगळ्या गाई एकाच दिवशी व्याल्या?" राजा सिंहासनावरून उठलाच.

अशी बाराव्या पायरीपर्यंत एकेक घराची वार्ता झाली. राजाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "इतकी शुभकार्यं, आणि सगळी परवाच! जत्रा रद्द! परवा दुपारच्या आत या बारा पायऱ्यांवरचं एकूण एक माणूस गडावर जेवायला आलं पाहिजे. घरटी अक्षता पाठवा. गाई वासरांसकट आणा. होड्या ओढून आणा, त्यांना तोरणं बांधू. नगारा वाजवा!"

वीस वर्षांनी नगारा दुमदुमला. वादळाला न हललेली माणसं जिलबीला हलली. म्हातारीकोतारी पाठुंगळीवर आली, कोंबड्या डालग्यांतून आल्या. परवाची दुपार झाली तेव्हा बारा पायऱ्यांवर एक मांजरसुद्धा उरलं नव्हतं. तानूबाईनं गडाच्या दारात उभं राहून सगळे मोजून घेतले आणि सुस्कारा सोडला.

तेवढ्यात टिटवी ओरडत आली. "बाई, वादळ वाटेत रेंगाळलं! आता ते पौर्णिमेच्या भरतीला गाठून येतंय. दोन्ही पाणी एकावर एक चढणार. मी अंडी सतराव्या पायरीवर नेली!"

म्हणजे सोळावी बुडणार. तानूबाईनं बोटांवर मोजलं. तेरावीवर विहीर. पंधरावी आणि सोळावीवर देवळाचं रिकामं अंगण. आणि चौदावीवर तिचं स्वतःचं घर. साऱ्या गावाचे वासे मोजणाऱ्या बाईनं आपलं घर मोजलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार, तो असा.

ती धावत खाली गेली. नागोजी झोपाळ्यावर फुगून बसला होता.

"अहो, उठा. समुद्र येतोय."

"गेल्या वर्षीही येत होता."

"निदान जेवायला तरी चला. सगळा गाव गडावर आहे."

"सगळ्या गावाला अक्षता आल्या. मला आल्या? बोलावल्यावाचून पंगतीला बसणारा हा नागोजी नव्हे."

"मी बोलावते आहे ना!"

"घरच्या बायकोनं बोलावलं ते आमंत्रण होतं का? यजमानानं यायला हवं."

तिनं त्याचा हात ओढला. त्यानं झोपाळ्याची कडी धरली. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस हट्टावरून हललेला तिनं पाहिला नव्हता. दारामागे नवी काठी तासून ठेवलेली तिला दिसली, आणि तिला रडू फुटलं. ती तशीच सत्त्याऐंशी पायऱ्या चढून राजासमोर गेली. या वेळी तिनं काही योजलं नव्हतं. जे काळजात होतं ते बोलली.

"महाराज, समुद्र माझ्या घरात शिरतोय, आणि माझा नवरा तिथून उठत नाही. तो बुडेल हो! मी सगळ्यांना मोजलं, त्यालाच विसरले."

राजाला ऐकू आलं, दर्यादेव माझ्या घरी पाहुणा येतोय, आणि माझा नवरा त्याच्या स्वागताला बसलाय. राजा गहिवरला. "आणि अशा पुण्यवंताला आमंत्रण गेलं नाही? मी स्वतः जातो!"

भोई म्हणाले, "महाराज, वाऱ्यानं पालखी उडेल." राजाला ऐकू आलं, महाराज, आपण चालताना फार शोभता. तो अक्षतांची वाटी घेऊन चालत निघाला. तानूबाई मागून.

कानाला जादू होती, डोळ्यांना नव्हती. राजा उतरू लागला तसं त्याला दिसू लागलं. खाली पाण्यात राघूचं छप्पर तरंगत होतं. माडी कुठे होती? वर आणायची राहिलेली हौसाची जुनी होडी चिंचेच्या शेंड्यात अडकली होती. राजाच्या पायांची गती मंदावली, पण तो थांबला नाही. चौदाव्या पायरीवर गुडघाभर पाणी होतं.

"नागोजी," राजा म्हणाला, "आमच्याकडे जेवायला यावं." त्यानं अक्षता पुढे केल्या. त्या वाऱ्यानं नेल्या.

नागोजीनं झोपाळ्यावर पाय पोटाशी घेतले. "आलात, बरं वाटलं, महाराज. पण सहकुटुंब म्हणा."

तोच मागची भिंत बसली आणि तिच्या जागी समुद्र उभा राहिला. राजाचे ओठ हलले, पण असले शब्द त्याच्या तोंडाच्या सवयीचेच नव्हते. त्यानं भिंतीकडे पाहिलं, नागोजीकडे पाहिलं, दारात रडणाऱ्या तानूबाईकडे पाहिलं.

"नागोजी," तो हळूच म्हणाला, "तुझं घर गेलं. आता उठला नाहीस तर तूही जाशील."

फट्. फट्. फट्. कानातले तिन्ही मोती फुटले.

"मग असं सांगा की!" नागोजी उठला. "बायको रोज हेच म्हणते, पण तिच्या तोंडचं अंगवळणी पडलंय." तेवढ्यात त्यानं दारामागची काठी ओढून घेतली.

"महाराज, पळा!" तानूबाई ओरडली.

राजाला ऐकू आलं, महाराज, पळा. तो पळाला. वीस वर्षांत तो इतका कधी पळाला नव्हता.

संध्याकाळी वारा उतरला. माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. राजानं तानूबाईला बोलावलं आणि ती यादी पुन्हा वाचायला सांगितली. छप्पर, होडी, गोठे. ऐकता ऐकता तो पांढराफटक पडला.

"आणि मी याला 'वा' म्हणालो?"

"आपण 'वा' म्हणालात म्हणून माणसं वाचली, महाराज. पण दर वेळी जिलबी कुठून आणायची?"

राजानं मान डोलावली आणि नगाऱ्याच्या टिपऱ्या तिच्या हाती दिल्या. नगाराही तेव्हापासून तिच्या शब्दावर वाजू लागला. मग लोकांना धीर द्यावा म्हणून राजा सवयीनं गाऊ लागला. दरबारी म्हणाले, "पुरे, महाराज, पुरे." राजा थबकला, सगळ्यांची तोंडं नीट पाहिली, आणि खाली बसला. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हद्दपार केलेले सगळे परत आले. चेटकीणही आली आणि जिलबीचं ताट संपवून गेली. बारा पायऱ्यांवरच्या वस्तीला राजानं वर जागा दिली, तानूबाईचं घर विसाव्या पायरीवर उभं राहिलं. पुढं दर वादळाला ती यादी करी; आधी स्वतःचं घर मोजी, मग गावाचं, शेवटी राजाचं. नागोजीला इरलं घेऊन हसायला मोकळीक होती, पण नगारा वाजला की त्यानं अक्षतांची वाट पाहायची नाही, एवढं ठरलं होतं.

ज्यानं ही कहाणी ऐकली त्याचं छप्पर राहो. ज्यानं ऐकली नाही, त्याच्या दारी वेळेवर राजा येवो.