कावळ्यानं दिलेला वसा

ऐका बायांनो, आणि बाळांनो, तुम्हीही जवळ बसा. गोष्ट पुष्कळ जुनी आहे. तेव्हा कावळे माणसांशी बोलत असत, आणि माणसं मात्र आतासारखीच एकमेकांचं ऐकत नसत.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात पानमळेवाले अप्पा राहत. त्यांची बायको जिजी, दोन मुलगे, दोन सुना, आणि लांब सासरी दिलेली एक लेक. माणसं फार प्रेमळ. इतकी प्रेमळ, की अप्पांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी अप्पांना एक वाक्य काही पुरं करू दिलं नाही.

अप्पा म्हणत, "मी गेल्यावर ना..."

"अभद्र बोलू नका, अप्पा!" थोरला मुलगा ओरडे. "तुम्ही शंभर वर्षं जगणार!"

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा म्हणत, "हे बघा, मी गेल्यावर..." की जिजी त्यांच्या तोंडात मऊ भाताचा घास घाली. तिसऱ्या दिवशी धाकटा मुलगा मळ्यातल्या वेलींचं सांगत सुटे. धाकटी सून वेणू, ती बिचारी उशी सारखी करी आणि डोळे पुसायला आत जाई.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी अप्पा गेले. वाक्य तिथंच राहिलं.

दहाव्या दिवशी सगळे नदीकाठी जमले. गुरुजींनी भाताचा पिंड मांडला. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली, अशी सगळ्यांची श्रद्धा. समोरच्या उंबरावर एक म्हातारा कावळा बसलेला. पण तो काही हलेना.

"अप्पांचा जीव कशात तरी अडकलाय," गुरुजी म्हणाले. "वचन द्या."

थोरला पुढं झाला. "अप्पा, मळ्याला नवी मोट बसवतो!"

कावळ्यानं नदीकडे पाहिलं.

धाकटा म्हणाला, "अप्पा, म्हाताऱ्या गाईला कधी विकणार नाही!"

कावळ्यानं पंखाखाली खाजवलं.

मग अप्पांची बहीण आली, पदर खोचून. "दादा, तुझी चांदीची पानाची डबी थोरल्यालाच मिळेल हो! तू निश्चिंत जा!"

"थोरल्याला? हे कधी ठरलं, आत्या?" धाकटा म्हणाला.

"तुला ती कशाला? तू पान तरी खातोस का?"

"आता खाईन!"

कावळा एक फांदी आणखी वर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं. मुलं रडू लागली. गुरुजींच्या पोटात पहाटेपासून काही नव्हतं; त्यांनी हळूच दर्भाच्या चार काड्या घेऊन त्यांचा कावळा वळायला घेतला. खरा कावळा शिवला नाही, तर तो शिवायचा.

"गुरुजी!" उंबरावरून आवाज आला. "माझ्या देखत माझी नक्कल?"

गुरुजींच्या हातून काड्या गळाल्या. "मग शिव ना बाबा! भूक नाही का तुला?"

"भूक तुमच्याहून जास्त आहे. पण माझा नेम आहे. ठोकून दिलेल्या वचनाचा घास मी खात नाही."

"मग तूच सांग," थोरल्यानं हात जोडले. "अप्पांना काय हवं होतं?"

"मला काय ठाऊक? तीन महिने त्यांच्या उशाशी तुम्ही होतात की मी?"

वेणू उठली. पिंडासमोर गुडघे टेकून म्हणाली, "अप्पा, तुम्हाला काय हवं होतं ते आम्हाला ठाऊक नाही. तुम्ही रोज सांगायला निघालात. आम्ही घाबरलो आणि तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलो हो आम्ही."

तेव्हा जिजी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. दहा दिवस लोक तिला 'रडू नका' सांगत होते. आता कुणी सांगितलं नाही.

आणि कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली.

"अप्पांचं तर आता राहून गेलं," वेणू त्याला म्हणाली. "पण जिजी आहेत. त्यांचं राहू नये, असा एखादा वसा सांग."

कावळा भरल्या तोंडानं म्हणाला, "दर पौर्णिमेला सकाळची पूजा झाली की घरातल्या मोठ्या माणसाला पाटावर बसवा. आवडीचं वाढा. निरांजन लावा. मग म्हणा, 'मी गेल्यावर, याच्या पुढचं सांगा.' निरांजन विझेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. जो 'अभद्र' म्हणेल किंवा 'शंभर वर्षं' म्हणेल, त्यानं उठून गोठा झाडायचा."

जिजीनं डोळे पुसले. तिनं जन्मभर व्रतं केलेली. तिनं विचारलं, "उपास आहे का याला?"

"जिभेचा. पोटाचा नाही."

"आणि उद्यापन कसं करायचं?"

कावळा क्षणभर घुटमळला. "ते जिजी, आपोआप होतं."

जिजीला रडता रडता हसू आलं.

पौर्णिमा आली. जिजी पाटावर बसली. समोर पुरणपोळी, तूप. निरांजन लागलं. सगळे कान देऊन बसले. जिजी पाहत राहिली.

"मेलं आता आठवतच नाही," ती म्हणाली. "इतके दिवस बोलू देत नव्हतात, आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलात!"

मग पोळीचा तुकडा मोडून म्हणाली, "बरं. मी गेल्यावर ना..."

"अहो जिजी, तुम्हाला तर शंभर..." थोरला म्हणाला, आणि मुकाट्यानं उठून गोठा झाडायला गेला. त्या वर्षी गोठा आरशासारखा लखलखत होता.

जिजी म्हणाली, "मला हिरवं लुगडं नेसवा. आत्याबाईंनी दिलेलं पिवळं नको, मी त्यात कावीळ झाल्यासारखी दिसते. तेराव्याला भोपळा करू नका. मला गिळवेना झालं, तर तोंडात कोंबू नका. नुसता हात धरा. खाट पडवीत टाका, तिथं सकाळचं ऊन येतं. लेकीला बोलवाल, ते मला तिची ओळख आहे तोवर बोलवा."

निरांजन फडफडलं.

"आणि एक आत्ताचंच. माझ्यासमोर अप्पांचं नाव काढत जा रे. तुम्ही मला जपायला म्हणून टाळता, आणि मला वाटतं, या घरात ते कधी नव्हतेच."

त्या दिवशी दुपारपर्यंत घरात अप्पांच्याच गोष्टी चालल्या. धाकटा अप्पांसारखा खाकरून दाखवी, आणि जिजी हसता हसता डोळे पुशी.

पुढं सहा वर्षांनी जिजी गेली. पडवीत, उन्हात, हिरव्या लुगड्याची घडी उशाशी ठेवून. लेक चार दिवस आधीच आली होती. वेणूनं हात धरला होता. घर रडलं, पण कुणाचा कुणावर बोल राहिला नाही.

दहाव्या दिवशी गुरुजी पिंड ठेवायला वाकले. पान अजून जमिनीला टेकलं नव्हतं, तोच कावळा येऊन बसला.

"अरे थांब! मंत्र राहिलेत!"

"तुम्ही म्हणा सावकाश," कावळा म्हणाला. "जिजीनं मागं काही ठेवलेलं नाही. आणि तेराव्याला भोपळा नाही ना, एवढं मात्र बघा."

तो वसा पुढं त्या गावात घरोघरी चालला. तुमच्याही घरी चालो, आणि त्याचं उद्यापन फार वर्षांनी, सुखानं होवो.

बोध एवढाच: आपलं माणूस 'मी गेल्यावर' म्हणू लागलं, की त्याला गप्प करू नये, त्याच्याजवळ बसून ऐकावं.