जुन्या होडीचा मान

नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ गावातल्या सर्वांत जुन्या होडीतून समुद्रात सोडायचा, असा रिवाज होता. ती शिडाची होडी लवू कुबलची. दरवर्षी तिचं काहीतरी मोडायचं, आणि तो नि त्याची बायको आनंदी, दोघं हट्टाने ते दुरुस्त करायची.

यंदा देवळातल्या बैठकीत ट्रस्टी बापूसाहेब म्हणाले, "डोलकाठी नवी, शीड नवं, फळ्यासुद्धा बदलल्या. हिच्यात जुनं काय उरलंय? आता जुना माझाच ट्रॉलर."

आनंदी उठली. "बापूसाहेब, या देवळाचे खांब, कळस, मूर्तीसुद्धा तुम्हीच नवी बसवलीत. आणि दारावर 'प्राचीन देवस्थान' अशी पाटीही तुम्हीच लावलीत. आधी ती उतरवूया का?"

बापूसाहेबांनी गुमान नारळ लवूच्या हातात दिला.

होडीकडे जाताना आनंदी नवऱ्याला म्हणाली, "सुकाणू परत हलतंय. नारळ सोडून आलो की बसू त्याच्या दुरुस्तीला."