हिरकूची टोपी आणि पडद्याआडचे आप्पा

कुंपणावर दोडक्याचा वेल. वेलाला एक पान. पानात इवलीशी खोली. खोलीत राहायचा हिरकू.

हिरकू म्हणजे हिरवा दाणा. तिळाहूनही लहान. दिवसभर उन्हात बसायचा. वेलासाठी साखर करायचा. डोक्यावर हिरवी टोपी घालायचा.

एकदा काय झालं, ऊन पडलं. रणरण रणरण! टोपी करपली. चुरचुर चुरचुर! झाला तिचा भुगा.

"अरेरे! टोपी गेली! आता मी पांढरा पडणार. पान पिवळं पडणार!"

हिरकू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक. गेला टिपमावशीकडे.

मावशी टोप्या शिवायची. फार कामाची बाई! रिकामंच मशीन चालवत होती. खटखट खटखट.

"मावशी मावशी, टोपी शिव.
टोपी नाही,
डोकं भाजतंय!"

मावशी म्हणाली, "मापाची चिठ्ठी कुठंय? चिठ्ठीशिवाय मी टाका घालत नाही. एकदा घातला होता. टोपीचा पायमोजा झाला!"

हिरकू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक. गेला लांबूकाकांकडे.

काका चिठ्ठ्या लिहायचे. फार घाईत होते बिचारे! आडवे पडले होते.

"काका काका, चिठ्ठी द्या.
मावशी शिवेना,
टोपी नाही,
डोकं भाजतंय!"

काका म्हणाले, "मनाचं मी काही लिहीत नाही बाबा. पोथीत बघतो, मग उतरवतो. आधी पोथी उघडू दे."

हिरकू निघाला. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक. गेला मोठ्या पडद्यापाशी. पडद्याला भोकंच भोकं. भोकातून बघतो तर आत पोथीताई.

पोथीताईकडे सगळ्यांची मापं. सगळ्यांच्या उपयोगाची! म्हणून तर घट्ट गुंडाळून झोपली होती. घुर्र घुर्र.

"पोथीताई पोथीताई, पान उघड.
चिठ्ठी मिळेना,
मावशी शिवेना,
टोपी नाही,
डोकं भाजतंय!"

पोथीताई म्हणाली, "इश्श! न विचारता उघडू? आप्पा सांगतील तर उघडीन."

आप्पा तिथंच होते. पडद्याआड, मऊ गादीवर. आप्पा म्हणजे सगळ्या खोलीचे मालक. त्यांना सगळं ठाऊक. फक्त बाहेरचं सोडून.

"आप्पा आप्पा, हुकूम द्या.
पोथी उघडेना,
चिठ्ठी मिळेना,
मावशी शिवेना,
टोपी नाही,
डोकं भाजतंय!"

आप्पा म्हणाले, "भाजतंय? कशानं?"

"उन्हानं, आप्पा."

"ऊन? कुठंय ऊन? इथं तर गार आहे. मला गार, म्हणजे सगळ्यांना गार! ऊन आहे म्हणतोस, तर आणून दाखव."

"ऊन कसं आणू आप्पा?"

"ते तुझं तू बघ."

हिरकू फिका पडू लागला. पानाची कड पिवळी झाली.

मग हिरकूने एक बोट काढलं. बारीक बोट. लांब बोट. आणखी लांब. सूऽऽऽ! पडद्याच्या भोकातून आत घातलं. बोट होतं तापलेलं. आप्पांच्या पोटाला टेकवलं.

चर्रर्र!

"आई आई गं! भाजलो! अहो, ऊन आहे! बाहेर ऊन आहे! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं की," हिरकू म्हणाला.

आप्पा ओरडले, हुकूम सुटला. हुकूम सुटला, पोथी उघडली. फडफड फडफड!
पोथी उघडली, चिठ्ठी मिळाली. खरखर खरखर!
चिठ्ठी मिळाली, मावशी शिवू लागली. खटखट खटखट!
मावशीने शिवली, टोपी आली.
टोपी आली, डोक्यावर बसली. टप्प!

हिरकू पुन्हा हिरवागार. पानही हिरवंगार.

आप्पा पडद्याआडून म्हणाले, "बघ. मी होतो म्हणून टोपी मिळाली."

"हो ना आप्पा," हिरकू म्हणाला, "ऊनसुद्धा तुम्हीच शोधून काढलंत!"

टोपी बसली, सावली झाली,
आपली गोष्ट गार झाली.